जवसाच्या तेलातला गिअरबॉक्स

आमच्या घरात कुठलंही लग्नकार्य असलं, की जेवणं उरकल्यावर माझ्या थोरल्या भावाचा एक किस्सा निघतो. पोरं त्याला आबा म्हणतात. आबानं जपून ठेवलेला जादा गिअरबॉक्स भंगाराच्या भावात फुकून टाकला आणि पुढच्याच उन्हाळ्यात गाडीचा गिअरबॉक्स फुटला. "आबाचा व्यवहार!" म्हणून पोरं टाळ्या देतात. भाऊ होता तोवर तोही हसायचा. म्हणायचा, "अक्कल गहाण पडली होती बापा तवा." मीही हसायचो. आता तो नाही, आणि गेल्या लग्नात त्याच्या नातवानं तो किस्सा नव्या सुनेला रंगवून सांगितला. त्या रात्री मला झोप आली नाही.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराची ही गोष्ट. वणीतल्या एका जिनिंगच्या मालकानं आपली जुनी विलायती मोटार विकायला काढली आणि भावानं आईचे हातातले सोन्याचे गोठ मोडून ती घेतली. मोटारीबरोबर एक जादा गिअरबॉक्स आला. वणी ते यवतमाळ भाडं मारायचं, कधी नवरदेव, कधी आजारी माणूस, कधी कळंबच्या चिंतामणीला जाणारे भाविक. भाऊ दिवसभर रस्त्यावर असे. घरची शेती माझ्याकडे होती आणि गोठ्यातल्या फळीवर ठेवलेला तो गिअरबॉक्सही.

"याले विसरू नको," भाऊ सांगायचा. "अशी गाडी आता येत नाही. हा गेला तं गाडी गेली." त्यानं गिअरच्या तेलाचा एक डबाही आणून दिला होता. मधून मधून ते आत सोडायचं, दांडा हातानं फिरवायचा, एवढंच काम. दसऱ्याला गाडीला हार घातला की एक झेंडूचं फूल तो गोठ्यातल्या फळीवरही ठेवायचा. वहिनी म्हणायची, "सवतीलेही सोनं देऊन या म्हणा."

त्या हिवाळ्यात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती होत्या. शेजारच्या गावच्या माझ्या मित्राची जोडी पटात उतरणार होती. छकड्याची चाकं हलकी फिरावीत म्हणून त्याला चांगलं वंगण हवं होतं. मी ऐटीत भावाचा डबा नेला. निम्मा लागला असेल, उरलेला आम्ही मिरवण्यात सांडला. जोडी हरली, ते वेगळंच.

भावाला डबा मागायची माझी छाती नव्हती. घरात जवसाचं तेल होतं. बैलगाडीच्या लाकडाला आपण तेच पाजतो, लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. मग लोखंडाला काय धाड भरली, असा मी विचार केला. गिअरबॉक्समध्ये तेल ओतलं, दांडा फिरवून सगळीकडे लावलं आणि उरलेलं खालून काढून घेतलं. रंगही जवळपास सारखाच दिसला. मी निश्चिंत झालो, इतका की पुढे त्याकडे फिरकलोच नाही. जवसाचं तेल भांड्यावर राहिलं की कसं वाळून लाखेसारखं धरतं, हे आमच्या घरात रोज दिसत होतं. माझ्या ते लक्षात आलं नाही.

दोन उन्हाळे गेले. एका सकाळी चांद्याकडचा एक टॅक्सीवाला घरी आला. त्याच्याकडेही तसलीच गाडी होती, पण गिअरबॉक्स गेल्यानं बंद पडलेली, म्हणून तो बैलगाडीनं आला होता. भाऊ नाही म्हणणार होता, पण वहिनीच्या बाळंतपणाला पैसे हवे होते, म्हणून म्हणाला, "पाहू तं द्या."

तिघं गोठ्यात गेलो. भावानं दांडा धरला. हलेना. पुन्हा जोर लावला.

"काहून जाम झाला बे? तेल देत होता ना तू?"

"देत होतो ना," मी म्हणालो.

टॅक्सीवाल्यानं बोट आत घातलं, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. मग भावाला म्हणाला, "भंगार समजून नेतो. तुमची मर्जी."

भाऊ मला बाजूला घेऊन गेला. "मले वाटते, हा देऊ नये. रॉकेल आणू, उघडून धुऊन पाहू. तुले काय वाटते? तूच सांभाळला हा."

उघडला असता तर ते चिकट पिवळं तेल त्याला दिसलं असतं. मग डबा कुठं गेला, हेही निघालं असतं. एवढीच माझी भीती होती.

"काहाले उघडतं भाऊ?" मी म्हणालो. "आतून गंजला हाय. दात गेले असतीन. येतात तेवढे पैसे घेऊन टाक."

त्यानं एकदा फळीकडे पाहिलं. "तू म्हणतं तं असंल," म्हणाला आणि स्वतः उचलून टॅक्सीवाल्याच्या बैलगाडीत ठेवून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात कळंबच्या अलीकडे भावाच्या गाडीचे गिअर फुटले. बैल जुंपून गाडी घरी ओढत आणली. दुसरा गिअरबॉक्स कुठंच मिळाला नाही. भाऊ राजूरच्या कोळशाच्या खाणीत कामाला लागला आणि खोकला घेऊनच निवृत्त झाला. गाडीत पुढे कोंबड्या अंडी घालायच्या.

भाऊ खाणीत लागल्यावर काही दिवसांनी वणीच्या स्टँडवर तो टॅक्सीवाला मला भेटला. गाडीच्या टपावर हात मारून म्हणाला, "जवस पाजला होता राजा तुमी त्याले! रॉकेलनं धुतला, निस्ता लोण्यावानी फिरून राह्यला."

मी घरी येऊन हे सांगू शकलो असतो. भाऊ ओसरीवर बसून कोळशानं काळी झालेली नखं साफ करत होता. मी त्याच्याशेजारी बसलो आणि कपाशीच्या भावाबद्दल बोललो.

म्हणून पोरांनो, पुढच्या लग्नात किस्सा सांगाल तेव्हा नीट सांगा. आबा उघडून पाहू म्हणत होता. नको म्हणणारा मी होतो.