चौदाव्या दिवसाची सुई

कुणाच्या हाती ही वही लागली तर आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे, ओळ सोडून खाली उतरतं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलंच नाही. माहेरच्या गावात मराठी शाळा चौथीपर्यंतच होती. पुढची शाळा तेलुगूत आणि तीही लांब, म्हणून मी चौथीवर थांबले. चुकलं असेल ते समजून वाचावं. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे. हे मला तोंडाने कुणाला सांगता येत नाही. चार माणसांत माझा आवाजच निघत नाही.

लेक तेव्हा आठ वर्षांची होती. कापूस फुटायचे दिवस होते. दुकानातून तेलाची पुडी घेऊन येताना पिठाच्या गिरणीपाशी एका कुत्र्याने तिच्या पोटरीचा चावा घेतला. कुत्रं आमच्या गावचं नव्हतं. चावलं, नाल्याकडे पळालं आणि परत कुणाला दिसलं नाही. दोन दात खोल रुतले होते. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, जखमेत चुना भरला. त्यांच्या माहेरी तसंच करायचे.

शेजाऱ्याने मोटारसायकलवर आम्हा दोघींना आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. घरचे, म्हणजे पोरीचे बाबा, तिथेच कापसाच्या जिनिंगवर कामाला असतात, आठ दिवसांतून एकदा गावी येतात. ते परस्पर दवाखान्यात आले. तिथल्या सिस्टरने चुना बघितला आणि कपाळाला हात लावला. पोरीचा पाय नळाखाली धरून साबणाने इतका वेळ धुतला की मला वाटलं ही आता विसरलीच. मग हाताच्या चामडीत सुईने डाळीएवढा फुगा उठवला आणि आम्हाला बाकावर बसवलं. फुगा लाल झाला तर सांगा म्हणाली. तो लाल झाला नाही. मग जखमेच्या भोवती सिरम टोचलं आणि दंडात लस दिली.

दोन दोन औषधं कशाला, हे मी विचारलं नसतं. शेजारी एक म्हातारा नातवाला घेऊन बसला होता, त्याने विचारलं. सिस्टर तेलुगू होती, पण आमच्या सरहद्दीवर राहून मराठी-हिंदी मिसळून बरं बोलायची. तिने सांगितलं ते मी कान देऊन ऐकलं. सिरम म्हणजे बाहेरगावाहून आणलेले कापूस वेचणीचे गडी. ते घोड्याच्या रक्तात तयार होतात. आले की लगेच कामाला लागतात, पण मुक्काम थोड्या दिवसांचा. लस म्हणजे घरच्या माणसांना काम शिकवणं. त्यांना शिकायला वेळ लागतो, म्हणून पाच वेळा शिकवायचं. बाहेरचे गडी निघून जायच्या आत घरचे तयार झाले पाहिजेत. ती हेही म्हणाली की हा पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा वर आला की त्याला औषध नाही. जे करायचं ते आधीच.

तिने एक कार्ड दिलं. त्यावरचं तेलुगू आणि इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, पण आकडे येतात. पाच चौकटी होत्या, प्रत्येकीत तारीख. पहिला दिवस, तिसरा, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी मी लेकीला बसने नेऊन आणलं. तीन चौकटींत सही झाली.

दहाव्या दिवशी पोरीला ताप चढला. आधी जखमेभोवती आणि मग पोटावर, पाठीवर लाल गांध्या उठल्या. दोन्ही घोटे सुजले, गुडघे दुखतात म्हणून ती रडायला लागली. आमच्या आळीत त्याच आठवड्यात एका घरी माता आली होती, म्हणजे कांजण्या. आत्याबाईंनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि हात जोडले. माता आली, म्हणाल्या.

त्यांच्या शब्दाला गावात वजन आहे. त्यांच्या तोंडावर व्रण आहेत. लहानपणी त्यांना मोठी देवी आली होती. त्यांची धाकटी बहीण त्यातच गेली, त्या वाचल्या. टोचणीवाला गावात आला की त्या ज्वारीत लपून बसायच्या, हे त्या हसत सांगतात. एकदा देवी येऊन गेली की ती माणसाला ओळखते, पुन्हा शिवत नाही, असं तेव्हा सगळे मानायचे. म्हणून ज्या घरी देवी असे तिथे ह्या पोरवयात रोग्याजवळ बसायला जायच्या, दुसरं कुणी जायचं नाही. आणि खरंच त्यांना परत कधी झालं नाही.

दारावर कडुनिंबाचा डहाळा लागला. फोडणी बंद झाली, पोरीचे केस विंचरणं बंद झालं. रोज सकाळी आत्याबाई मातामायच्या ठाण्यावर पाणी घालायला जाऊ लागल्या. पाचशे रुपये हळदीच्या फडक्यात बांधून त्यांनी भिंतीतल्या देवळीत ठेवले. माता उतरली की ओटी, नारळ आणि पाच बायांना दहीभात. आणि मला बजावून सांगितलं, आता सुई नाही. माता अंगात असताना सुई टोचली तर ती डोळे घेऊन जाते.

घरच्यांना फोन केला. ते म्हणाले, आई म्हणते तसं करा, तिले समजते.

मी पोरीजवळ बसून असायची, म्हणून मला जे दिसलं ते आत्याबाईंना दिसलं नाही. माझ्या भावाला माता आली होती तेव्हा मी चांगली कळती होते. मातेचे दाणे पाण्याने भरतात, मग खपली धरतात, जागचे हलत नाहीत. हिच्या गांध्यांत पाणी नव्हतं. सकाळी पाठीवर असलेल्या दुपारी मांडीवर असायच्या आणि पाठ साफ. खाज इतकी की ती पाय भिंतीला घासायची. एका दाण्यालाही खपली धरली नाही.

हे मी चार दिवस मनात ठेवलं. आज विचार करते तेव्हा माझी मलाच भीती वाटते. मला दिसत होतं आणि मी बोलत नव्हते. भाकरी वाढताना एकदा तोंड उघडलं, म्हटलं, आत्याबाई, याच्यात पाणी नाही दिसून राह्यलं. त्या म्हणाल्या, भरंल, घाई काऊन करतं तिची. मी पुढची भाकरी वाढली. मनात यायचं, मी चौथी शिकलेली, आणि आत्याबाईंनी किती घरच्या माता उतरवल्या. आणि खरोखर माता असली आणि मी सुई टोचून आणली, तर पोरीचे डोळे मी कुठून आणून देणार. दोन्ही बाजूंनी पोरच होती. पण कार्डावरची चौथी तारीख जवळ येत होती आणि सिस्टरचं ते बोलणं डोक्यातून जात नव्हतं, की गडी निघून जायच्या आत घरचे तयार झाले पाहिजेत.

चौदाव्या दिवशी सकाळी आत्याबाई तांब्या घेऊन ठाण्याकडे गेल्या. मी कार्ड पोलक्यात घातलं. आमच्याकडे बाईमाणसाला बसचं तिकीट लागत नाही, पण बस फाट्यावर येते, आणि सुजल्या पायाने पोर दोन पावलं टाकू शकत नव्हती. ऑटो करायचा तर पैसे लागणार. घरात माझ्या हाती पैसा नसतो, वेचणीची मजुरीही आत्याबाईंकडे जाते. मी देवळीतलं फडकं सोडलं आणि पाचशे रुपये घेतले. फडकं घडी करून जागच्या जागी ठेवलं. देवाचे पैसे मी चोरीन असं मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. पोरीला उचलून ऑटोत बसवलं आणि थेट दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात तीच सिस्टर होती. पोरीचं अंग बघून तिने आधी विचारलं, अम्मवारु? त्यांच्यात मातेला तसं म्हणतात. मी मान हलवली. हो आणि नाही दोन्ही. तिने पाठीवरच्या गांध्या दाबून बघितल्या, घोटे बघितले, कार्ड बघितलं आणि डॉक्टरला हाक मारली. डॉक्टरने तपासून सांगितलं की ही माता नाही. घोड्याचं सिरम अंगाला परकं असतं. काही जणांचं अंग आठ-दहा दिवसांनी त्याला ओळखतं आणि त्याच्याशी भांडण काढतं. त्या भांडणाच्या ह्या गांध्या, हा ताप, ही सूज. पहिल्या दिवशी हातावरचा फुगा लाल झाला नाही तरी पुढे असं होऊ शकतं. आठवड्याभरात उतरेल. पण लस थांबवायची नाही.

सिस्टरने मला विचारलं, इतके दिवस का आली नाहीस. मी म्हटलं, घरी सगळे माता म्हणाले. ती हळू आवाजात म्हणाली, "तुला शक आला होता ना? मग बोलायचं. पोरीची आई तू आहेस, मी नाही."

चौथी सुई दंडात गेली. पोर रडली नाही, मीच रडले. कार्डावर तिने लाल शाईने काहीतरी लिहिलं आणि मला पाठ करायला लावलं. पुढे कधीही, कुठल्याही दवाखान्यात, साप चावला तरी, कुत्रं चावलं तरी, सुई टोचायच्या आधी सांगायचं की हिला घोड्याचं सिरम सोसत नाही. मी तीनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा शेजारच्या बाकावरच्या बायांनाही ऐकू गेलं.

खाजेच्या आणि तापाच्या गोळ्या मिळाल्या. येताना फाट्यापर्यंत बसने आलो आणि तिथून परत ऑटो केला. भूक लागली म्हणून पोरीला इडली घेऊन दिली होती. पाचशेतले थोडे उरले होते तेही गावात येईपर्यंत संपले.

आत्याबाई दारात बसल्या होत्या. मोकळं फडकं त्यांच्या मांडीवर होतं. मी पोरीला आत झोपवलं आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिले.

"टोचली?"

"टोचली. ही माता नाही, आत्याबाई. त्या सिरमचं हाय."

त्यांनी मांडीवरचं फडकं उलगडून पाहिलं. मग म्हणाल्या, "पोरीचे डोळे गेले तर?"

मी कसं बोलले मला ठाऊक नाही. म्हटलं, "तुमाले एकदा देवी येऊन गेली, मंग पुन्हा आली नाही. तुमीच सांगता. हे लस तेच करते. रोग न होताच अंगाले त्याची ओळख करून देते. ओळख अर्धी राह्यली तर तो रोग पोरीले घेऊन जाईल. त्याले औषध नाही."

"अस्सं," त्या म्हणाल्या. "मंग दवाखान्यानं देवीले चिठ्ठी धाडली वाटते, का तू येऊन गेली म्हणून."

मला हसू येईना आणि रडूही येईना. मी म्हटलं, "पैसे मी घेतले. फेडीन."

"माहे नाहीत ते. तिचे हायत. तिलेच देजो."

त्या रागावल्या होत्या, आठ दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. दारावरचा डहाळा मात्र त्यांनी काढला नाही आणि रोज सकाळी पोरीच्या पापण्या वर करून डोळे बघायच्या. मी गोळ्या देत होते तेव्हा तोंड फिरवायच्या, पण पाण्याचा पेला त्यांनीच भरून ठेवलेला असायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी गांध्या गेल्या. खपली नाही, डाग नाही. घोटे उतरले. पोर अंगणात लंगडी खेळायला लागली. आत्याबाईंनी डहाळा स्वतः उतरवला आणि काही न बोलता कढीला फोडणी दिली.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी कार्ड शोधत होते. त्या म्हणाल्या, "आज तारीख हाय ना? मंग उरक लवकर, बस जाईल." आणि चपला घालून आमच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आल्या. पाचवी चौकट भरली. पुढचे किती महिने मी पोर पाणी पिताना तिच्याकडे बघत असायचे, गिळताना घुटमळते का म्हणून. तिला आजपर्यंत काही झालं नाही.

मातामायचे पैसे राहिले होते. मजुरीतून काढता येणार नव्हते. शेवटची वेचणी संपली की कापसाच्या पऱ्हाटीत इकडेतिकडे चुकलेली बोंडं राहतात. तो सरवा वेचणारीचा, त्यावर घरात कुणी हक्क सांगत नाही. उन्हं डोक्यावर येईपर्यंत मी रोज सरवा वेचला. बोटं बोंडांनी ओरबाडली. मोटारसायकलवर येणाऱ्या व्यापाऱ्याला दोन-तीन किलो साचला की विकायची. तो मापात मारायचा. पहिल्या दोन खेपांना मी ऐकून घेतलं, तिसऱ्या खेपेला म्हटलं, पुन्हा तोला. त्याने तोलला.

आलेले पैसे मी त्याच हळदीच्या फडक्यात टाकत गेले. शंभर, मग ऐंशी, मग एकदा दीडशे, मग परत शंभर. आत्याबाई बघत होत्या, विचारत नव्हत्या. होळीच्या आधी शेवटचे सत्तर रुपये टाकले. संध्याकाळी त्यांनी फडकं सोडलं, नोटा एकेक करून चटईवर मांडल्या आणि दोनदा मोजल्या. पाचशे पुरे भरले.