मास्तरांना नांदीतून कोणी उतरवलं?

नांदीमास्तरांवर अन्याय झाला. गेल्या चैत्रात, सुकापूरच्या आमच्या जत्रेच्या दिवशी, दुपारी बारा ते चारच्या दरम्यान. एक पत्रक घरोघरी गेलं, मोबाइलवरून आणखी पुढे गेलं आणि संध्याकाळी गावच्या संगीत नाटकाची नांदी पहिल्यांदाच मास्तरांशिवाय झाली. अन्याय कोणी केला ते पुढे येईल. नाव लपवणार नाही.

मास्तर गावात एक बोलायचे आणि स्टेजवर दुसरंच. घरी, पारावर, रिक्षात त्यांची भाषा आपलीच, ळचा ल, णचा न, ड-ढचा र करणारी. "मना काय कलत नाय, मी आरानी मानूस." पण फळीवर पाऊल पडलं की याच माणसाच्या तोंडून प्रत्येक ळ, प्रत्येक ण टाकीनं घडवल्यासारखा बाहेर पडायचा. तालमीत माझा एक ण घसरला तेव्हा म्हणाले, "गो बाय, घरी बोल कसं पन. हितं चरताना जिबंला आंगोल घालून आन." मला तेव्हाच संशय आला. दोन भाषा बोलणारा माणूस दोन बाजूंचाही असू शकतो, असं मी मनात टिपून ठेवलं.

संशय हा माझा धंदाच आहे. देवळामागचं मैदान बिल्डरच्या पार्किंगमध्ये जाऊ नये म्हणून आम्ही काही जण लढतोय. पत्रकं मी लिहिते. संगीत नाटकाबद्दलही मला संशयच होता. गावाची जमीन चाललीय आणि हे राजे-राण्या कसल्या नाचवताय? राजवाड्यात कट शिजतो आणि राजा उभा राहून दहा मिनिटं गातो, हे कुठलं राजकारण? हे मी मास्तरांना तोंडावर विचारलं. ते हसले. "बोलून भागत नाय तवा मानूस गातो. तू बी मोर्च्यात घोषना देतंस ना? बोलून भागत असतं तर दिली असतीस का?" आणि मला कारस्थानी राणीची भूमिका दिली. का, तर म्हणे, "तू कुनावर इस्वास ठेवत नाय. तुला शिकवायला लागनार नाय."

त्यांची शिकवायची पद्धत विचित्र होती. पदाची चाल लगेच द्यायचेच नाहीत. आधी पदाचे शब्द समोरच्या नटाच्या डोळ्यांत बघून नुसते बोलायचे. समोरच्याला उत्तर द्यावंसं वाटलं, त्याची मान वर झाली, तरच चाल. नाहीतर उद्या परत. माझ्या एका पदाला चौदा दिवस चाल मिळाली नाही. "तू त्याला सांगत नायस, त्याच्यावर फेकतंस," असं रोज ऐकलं. ऑर्गनवर बसलेल्या सुमनताई, पनवेलच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, चौदा दिवस हात मांडीवर ठेवून बसल्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "अगं प्रणाली, एकदा तरी त्याच्याकडे बघ! पत्रक वाटतेस का?"

आणखी एक नियम. नाटकात जो दुष्ट, त्यानं खेळाआधी म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात धरून खुर्चीवर बसवायचं. मला हा प्रकार गावाला खूश करण्याचा वाटला. मास्तर म्हणाले, "लोकांनी रानीचा राग करावा, तुजा नाय. ज्याचा हात धरलास त्याला ह्यो फरक कलतो." मी हात धरले. पात्र वेगळं, माणूस वेगळं, हे चाळीसेक म्हाताऱ्यांना माझ्यामुळे कळलं असेल. मला कळलं नाही.

आणि सगळ्यात मोठा नियम नांदीचा, ज्यावरून त्यांना हे नाव पडलं. नाटकाच्या सुरुवातीला सगळी मंडळी ओळीत उभी राहून देवाचं स्तवन गातात, ती नांदी. ती गावोगावी होते. पण आमच्याकडे पडद्यामागे सगळे उभे राहिले की मास्तर विचारायचे, "कुनाचं कुनाशी बोलनं बंद हाय का?" असेल तर तिथल्या तिथे मिटवायचं, नाहीतर ओळीतून बाहेर. नायक असला तरी बाहेर. बांधावरून वर्षभर न बोललेले दोन चुलतभाऊ या प्रश्नापुढे मुकुट घातलेल्या डोक्यांनी एकमेकांच्या गळ्यात पडलेले मी पाहिलेत. एकाची मिशी दुसऱ्याच्या खांद्याला चिकटली आणि मास्तर ओरडले, "प्रेम नंतर, आदी मिशी!"

जत्रेला आठ दिवस उरले असताना मला एक फोटो आला. मास्तर शेठच्या गाडीतून उतरतायत. शेठ म्हणजे मैदान मागणारा बिल्डर. बाहेरचा नाही, आपल्याच गावचा. आता करंजाड्याला ऑफिस आहे. दोन दिवसांनी आमच्यातल्या एकानं मास्तरांना त्या ऑफिसात शिरताना पाहिलं. मला आणखी काय हवं होतं? दोन भाषा, गोड नियम आणि आता ही गाडी. मी लिहायला बसले. 'गावचे मास्तर कोणाच्या तालावर?' 'नाटकाच्या पडद्याआड मैदानाचा सौदा?' प्रत्येक ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह. पत्रकं लिहिणाऱ्यांना ही युक्ती माहीत असते: प्रश्नचिन्ह टाकलं की पुरावा लागत नाही. खाली सही 'जागृत ग्रामस्थ'. फोटो चौकटीत बसेना म्हणून मी तो एका बाजूनं कापला. जत्रेच्या दिवशी दुपारी मी आणि आमच्या पोरींनी ते वाटलं. मास्तरांच्या घरीही टाकलं. धाडस म्हणून.

संध्याकाळी आम्ही पडद्यामागे ओळीत उभे होतो. मी राणीच्या शालूत. मास्तरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. कोणी बोललं नाही. मी तर नाहीच. त्यांनी खिशातून पत्रक काढलं, घडी उलगडली, सगळ्यांना दाखवलं.

"गावाचं माज्याशी बोलनं बंद झालंय," ते म्हणाले. "मी ओलीत उबा राव शकत नाय."

"मास्तर, असं काय करता?" नायक म्हणाला.

"नियम माजा हाय ना? मंग माज्यासाठी बदलू?" आणि ते पायऱ्या उतरून खाली गेले. नांदी झाली. कशी झाली ते विचारू नका. सुमनताईंनी पहिला सूर दिला आणि आमच्यातल्या निम्म्यांना तो सापडलाच नाही.

नाटक मात्र पुरं केलं. खाली उभे राहून मास्तर टाळ्या वाजवत होते, माझ्या पदालासुद्धा. मला तोही कावा वाटला.

दुसऱ्या दिवशी सुमनताईंनी मला पनवेलला घरी बोलावलं. मूळ फोटो त्यांच्या मोबाइलवरही आला होता, न कापलेला. त्यांनी बोट ठेवलं. गाडीच्या मागच्या दारातून एक हात बाहेर येत होता, हातात निळी पर्स.

"कोणाचा हात?"

मी फोटो मोठा करून पाहिला.

"माझा. दोन्ही वेळा मी बरोबर होते. तू चौदा दिवस माझ्यासमोर उभी होतीस, प्रणाली. मला एकदा विचारलंस?"

मग त्यांनी सांगितलं. शेठ मास्तरांच्या पहिल्या नाटकातला नायक होता. मैदानावरून गावाशी भांडण झाल्यापासून तो जत्रेला आला नव्हता. मास्तर त्याला एवढंच सांगायला गेले होते: "मी मैदान मागायला आलो नाय, द्यायला बी आलो नाय. तू नांदीला ये. गावाच्या तोंडासमोर उबा रा, आनि मंग काय मागायचं ते माग." पहिल्यांदा तो नाही म्हणाला. दुसऱ्यांदा येतो म्हणाला. आलाही होता. मैदानाच्या टोकाला पांढऱ्या शर्टात उभा होता म्हणे. कोणीतरी त्याच्या हातात पत्रक दिलं. त्यानं वाचलं आणि परत गेला. पुढच्याच आठवड्यात मैदानाभोवती पत्र्यांचं कुंपण ठोकलं गेलं.

तो नांदीत उभा राहिला असता तर मैदान वाचलं असतं का? माहीत नाही. शेठवर माझा आजही काडीचा विश्वास नाही, आणि त्याच्याविरुद्धची पत्रकं चालूच राहतील. पण त्यातली नावं आता विचारून येतात. मास्तरांबद्दल मी खोटं लिहिलं. 'जागृत ग्रामस्थ' म्हणजे मी.

मास्तर पावसाळ्याआधीच लेकीकडे, उरणजवळच्या करंजाला राहायला गेले. तालमी बंद आहेत. मी गेले तेव्हा ते अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांपाशी काठी घेऊन कावळे हाकत होते. मला बघून लेकीला हाक मारली, "गो, रानीसाहेब आल्यान. चा टाक." मी माफी मागितली. रडलेसुद्धा. त्यांनी चहा पुढे केला.

"तुजं आयकलं. पन तू एकटीनं येऊन काय फायदा? ते किती जनांनी वाचलं?"

"सगळ्या गावानं."

"मंग तू एकटीच कशी आलीस?" एवढंच. चिडून नाही. पदाची चाल अडवून धरायचे तेव्हा बोलायचे, त्याच आवाजात.

म्हणून हे तुम्हाला लिहितेय. तुम्ही, ज्यांनी ते पत्रक दारातून उचललं, वाचून मान हलवली, फोटो पुढे पाठवला, "मला आधीपासूनच वाटत होतं" असं लिहिलंत. लिहिलं मी, पण खरं मानलंत तुम्ही, आणि तुमच्यातल्या एकानंही मला विचारलं नाही, "प्रणाली, तू खात्री केलीस का?" येत्या रविवारी सकाळी आठ वाजता पनवेल एसटी स्टँडवर, उरणच्या गाडीपाशी मी उभी असेन. मोबाइलवर हात जोडून पाठवू नका. "बिचारे मास्तर" म्हणू नका. या, करंजाला चला आणि त्यांच्या समोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगा, की आम्ही न विचारता खरं मानलं.