दुपारी आकसणारी मोसंबी

वडिलांचं डोकं आता चालत नाही, असं मी परस्पर ठरवून टाकलं, ही माझीच चूक. मोसंबी सोलताना सालीचा वास आला की गाझियाबादच्या आमच्या गच्चीवरचा तो मे महिना आठवतो. निवृत्तीनंतर वडील कुंडीतल्या मोसंबीच्या झाडापाशी तासन्‌तास बसत. एकदा जेवताना म्हणाले, "अरे, फळं दुपारी लहान होतात आणि सकाळी पुन्हा मोठी." त्यांच्यासमोरच मी बायकोला म्हणालो, "यांना आता एकट्याला मेट्रोने पाठवायचं नाही." त्यांचं मेट्रोने मित्रांकडे जाणं बंद झालं, तरी ते भांडले नाहीत. "आधी बघा तर, साहेब," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी एका हिरव्या फळाभोवती तारेचं कडं घट्ट बसवलं. ते जागचं हलेना. दुपारी पानं मलूल झाली होती, आणि तेच कडं बोट लावताच फिरलं. मी पुन्हा पुन्हा फिरवून पाहत राहिलो. "उन्हात पानांतून पाणी उडतं, मुळं पुरी पडत नाहीत," वडील शेजारी बसत म्हणाले, "मग झाड फळातलं ओढून घेत असणार आणि रात्री परत भरत असणार. बिल्कुल वेडा नाही ना मी?" मी नुसताच हसलो. त्यांचं मेट्रोने जाणं पुन्हा सुरू झालं, पण माफी मागायला मला कित्येक वर्षं लागली. परवा त्यांचे पाय चेपताना म्हणालो, "चुकलो, बाबा. तेव्हा तुम्हाला 'असं कसं होतं?' एवढंही विचारलं नाही मी."