खोडलेलं घर

मागच्या वर्षी, नाताळआधीच्या आगमनकाळातल्या तिसऱ्या रविवारी, दुपारी चार ते संध्याकाळी सात, पिंप्राळ्याच्या पुढे वीटभट्टीवर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्यावर अन्याय झाला. करणारे आम्ही. जळगावातल्या आमच्या चर्चची कॅरल पार्टी. यादी माझ्या अक्षरात होती.

नाताळच्या आधी आम्ही बाळ येशूची मूर्ती टोपलीत ठेवून घरोघरी गाणी म्हणत जातो. मूर्ती घरात टेकली की घरातले लोक आपली दुखणी, भांडणं, सगळं तिच्यापुढे ठेवतात. चोपड्याकडच्या पाड्यावरून भट्टीवर आलेली अक्का त्या सकाळी मिस्सेच्या उपासनेनंतर मला पायरीवर भेटली. कामात नवऱ्याची कंबर गेली होती, चर्चला येणं बंद झालं होतं.

"भाऊ, बाळ येशूले आम्हना घर लई या. म्हताराले पाया पडनं शे. बठ्ठासले चहा पाजसू."

मूर्ती घेऊन येतो, सगळेच चहा घेऊ, म्हणालो आणि यादीत घर लिहिलं. समितीतल्या नानांनी पेन घेऊन ते खोडलं.

"तिचं सभासदाचं कार्ड डोंगरातल्या चर्चचं. आपल्या यादीत कशी येईल?"

"नाना, राहते तर इथंच ना?"

"ओ पत्रकवाले, ही कॅरल आहे, मोर्चा नाही. आणि तिथं गाडी जात नाही."

सगळे हसले. मीही हसलो. चौकाचौकात हक्कांची पत्रकं वाटणारा मी, एका खोडलेल्या ओळीवर हसून मोकळा झालो.

सकाळीच प्रवचन झालं होतं, प्रभूसाठी वाट तयार करा म्हणून. दुपारी आम्ही डांबरी वाट तेवढी धरली. चौथ्या घरी तर टीव्हीचा आवाजसुद्धा कमी केला नाही. तिथंही आम्ही तीन गाणी म्हटली आणि केक खाल्ला.

सोमवारी मी एकटाच भट्टीवर गेलो. मूर्ती मागितली होती, पण कपाटाची किल्ली नानांकडे, आणि त्यांनी ती दिली नाही. झोपडीपुढं सारवलेलं होतं. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता, अंगात धुतलेला सदरा. अक्का म्हणाली, काल चारपासून असाच बसला होता, आडवा हो म्हटलं तरी ऐकेना.

माझे रिकामे हात त्यानं पाहिले. म्हणाला, "काल वाट चुकनात का भाऊ? चूक आम्हनी. रस्तावर कोनले तरी उभं कराले पाहिजे व्हतं."

खरं सांगायचं सोडून मी मान हलवली. वाट चुकलो म्हणालो. जानेवारीत तो गेला, आमच्या खोटेपणाचा दोष स्वतःकडे घेऊन.

यंदाची यादी लागते आहे. तुम्ही जळगावचे असा, धुळ्याचे असा, चर्चच्या दारावरची ती यादी वाचा. भट्टीवरची, शेतातल्या खोपीतली माणसं तिच्यात नसतील, तर मूर्ती बाहेर निघू देऊ नका. टोपली धरून दारात उभे राहा, आणि पहिलं घर त्यांचं लिहिल्याशिवाय हलू नका.