महिलांची वेळ: बुधवार, दोन ते तीन

आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयाबद्दल कोणी गहिवरून बोलू लागलं की मला आधी हसू येतं आणि मग राग येतो. पुस्तकांबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या दोन खोल्या नसत्या तर माझा जन्म चुलीपुढेच गेला असता. तक्रार आहे ती पुस्तकांवर नागासारख्या बसलेल्या कार्यकारिणीबद्दल.

कोरियातलं युद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. लग्न होऊन मी डोंबिवलीला आले ती मॅट्रिक अर्धवट टाकूनच. बाहेरून परीक्षेला बसायचं मी ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, "एकदा बस. नाही जमलं तर पुन्हा नाव काढायचं नाही." इतिहास-भूगोलाची पुस्तकं वाचनालयात होती, पण 'बाहेर नेण्यास मनाई' असं लिहिलेल्या कपाटात. तिथेच बसून वाचावीत तर आत सगळे पुरुष. एका वर्तमानपत्राची पानं चौघांत वाटून घ्यायची आणि घटकाभरात जगाचं राजकारण निकालात काढायचं, हा त्यांचा सकाळ-संध्याकाळचा उद्योग. शेजारच्या खुर्चीवर बाई येऊन बसण्यापेक्षा कोरियातलं युद्ध त्यांना जास्त सोसवलं असतं.

मी अर्ज दिला. कार्यकारिणीने त्यावर तीन बैठका घेतल्या, भजी खाल्ली, चहा प्यायला आणि ठराव केला: महिलांसाठी वेळ, बुधवार, दुपारी दोन ते तीन. तसा फळाही बाहेर लागला. बुधवारी मी वही घेऊन गेले तर दाराला कुलूप. पुढच्या बुधवारीही तेच. वाचनालय सकाळी अकराला बंद व्हायचं ते एकदम संध्याकाळी पाचला उघडायचं, हे कार्यकारिणीतल्या अकरा विद्वानांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ग्रंथपालांना विचारलं, तेव्हा टोपी सारखी करत ते म्हणाले, "वेळेचा ठराव झालाय हो. कुलूप उघडण्याबद्दल ठरावात काही नाही." दुरुस्ती वार्षिक सभेत होणार होती, आणि वार्षिक सभा माझ्या परीक्षेनंतर.

तिसऱ्या बुधवारी मी पायरीवर बसून चक्क रडले. वाचनालयाच्या मागच्याच खोलीत ग्रंथपालांचं बिऱ्हाड होतं. रडणं ऐकून त्यांची बायको बाहेर आली. पुढे मी तिला मावशी म्हणू लागले. तिने माझ्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, आत गेली आणि किल्ली घेऊन आली.

"ऊठ पोरी. आमचं मानूस जेवून घोरतंय, तवर वाच. पन मोठ्यानं वाच हां. मला कुठं येतंय वाचायला?"

ग्रंथपालाची बायको आणि निरक्षर! साहित्यावर तासन्‌तास बोलणाऱ्या त्या मंडळींपैकी कोणालाही यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मग बुधवार कसला, आम्ही रोज बसू लागलो. मावशी तांदूळ निवडायच्या, मी वाचायचे. लढाईचा धडा आला की त्यांचे हात थांबायचे. "आन् मागं बायकांचं काय झालं?" त्या विचारायच्या. पुस्तकात ते नसायचं. हळूहळू शेजारच्या दोघी येऊ लागल्या, मग ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्समधून तिघी. कोणी विणकाम आणायची, कोणी शेंगा सोलायची, एखादी आपलं आपण पुस्तक काढून कोपऱ्यात वाचत बसायची. आमच्यातल्या एकीने नवऱ्याला आलेलं सरकारी पत्र इथे सर्वांदेखत वाचून घेतलं आणि त्याचं उत्तरही लिहून नेलं. माझ्या मते गावाचं वाचनालय सुरू झालं ते तेव्हा. त्याआधी होता तो पुरुषांचा कट्टा, वर कौलं घातलेला.

मी पास झाले, तेही चांगल्या मार्कांनी. त्याबरोबर कार्यकारिणीला जाग आली. 'आमच्या महिला विभागाची विद्यार्थिनी' म्हणून वार्षिक सभेत माझा सत्कार ठरला. अध्यक्ष पाऊण तास बोलले आणि त्यातला बहुतेक वेळ स्वतःच्या दूरदृष्टीबद्दल बोलले. वाचनालय दुपारी उघडं असतं हे एव्हाना सर्वांना कळलं होतं. त्यामुळे त्याच सभेत रीतसर व्यवस्था झाली. नवी नियमावली आली, नवं रजिस्टर आलं, 'अनधिकृत व्यक्तीने' कुलूप उघडू नये असं ठरलं आणि किल्ली चिटणीसांच्या घरी गेली. आमचं दुपारचं बसणं संपलं. या मंडळींना मी आज नावं ठेवते, पण त्या दिवशी मी काय केलं? नारळ घेतला, वाकून नमस्कार केला आणि फोटोसाठी त्यांच्या मधोमध उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी पेढा देवापुढे ठेवला, माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "मला पन नाव तेवढं लिवायला शिकायचं होतं गं. तुझी परीक्षा होऊ दे, मंग सांगू म्हनलं. तुझा वेळ कशाला खायचा?"

इतके महिने मी त्यांच्यासमोर बसून घसा दुखेपर्यंत वाचलं होतं. पुस्तक एकदाही त्यांच्याकडे वळवून धरलं नव्हतं.