मिटलेली दोन बोटं

रोह्याच्या आमच्या केमिकल कंपनीत कॉम्प्युटरचं नवीन पॅनल बसलं, तेव्हा आमचं काम बघायला मुंबईहून एक गृहस्थ आले. आठवडाभर त्यांनी आम्हा ऑपरेटरांच्या हातांचं शूटिंग केलं. मग आवाज बंद करून तीच टेप मागेपुढे करत बसायचे. हात अडखळला की ऑपरेटरचं नाव घालून चिठ्ठी लिहायचे आणि सारख्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावायचे. समोरचा चहा गार व्हायचा.

एका दुपारी त्यांनी मला बोलावलं.

"अलार्म वाजला की तुमचा हात आधी पॅनलच्या डावीकडच्या मोकळ्या पत्र्यावर जातो. प्लांट बंद करायचं बटण तर उजवीकडे आहे. आणि ही दोन बोटं का मिटता?"

"नाय सायेब, मी कुठं मिटतो?"

त्यांनी टेप लावली. दर वेळी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटत होतं.

मला काम शिकवणाऱ्या काकांना नेमकी तीच दोन बोटं नव्हती. जुन्या पॅनलवर बटण डावीकडेच होतं. काका जाऊन तीन वर्षं झाली होती.

मी हे सांगितलं. त्यांनी माझ्या या चुकीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा जवळ ओढला, वरच्या चिठ्ठीवरचं माझं नाव खोडलं आणि शांतपणे विचारलं, "त्यांचं नाव काय?"