शेपटीची हेराल्ड आणि सिरोंचाचा रस्ता

चंद्रपूरहून निघालो तेव्हा जानेवारीची सकाळ होती, आणि गल्लीतली निम्मी माणसं आम्हाला नव्हे, तर माझ्या गाडीला बघायला उभी होती.

गाडी म्हणजे हेराल्ड. दोन दारांची, छोटीशी, माझ्याकडे आली तेव्हाच वीस वर्षांची. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर विभागाचा निदेशक. हाताला सतत काहीतरी काम लागतं. वर्षभरापासून माझ्या डोक्यात एकच होतं, की या गाडीला एका लिटरमध्ये बारा किलोमीटरच्या पुढे न्यायचं, आणि तेही इंजिनाला हात न लावता. इरई नदीत पाय सोडून बसलो असताना ते सुचलं होतं. गोल दगडाच्या मागे पाणी भोवरे करत होतं आणि बाजूने मासा सुळकन जात होता. माशाचं तोंड काही फार टोकदार नव्हतं. निमुळती होती ती शेपूट. हवेचंही तसंच असणार, असं मी धरून चाललो.

मग सुट्टीच्या दिवशी काम सुरू झालं. छतावरचं कॅरियर काढलं. पुढची जाळी प्लायवूडच्या फळीने अर्धी झाकली. गाडीच्या पोटाखाली पत्रा मारला, सायलेन्सरपुरती जागा मोकळी ठेवून. पुढच्या बंपरखाली खाणीत कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याचा टाकाऊ रबरी तुकडा लावला, म्हणजे हवा खाली कमी घुसेल. मागच्या चाकांवर पत्र्याची झाकणं बसवली. आणि शेवटी डिकीला स्क्रूने जोडलेली, छतापासून उतरत जाणारी पत्र्याची लांब शेपूट. अंगभर लोकरीचे दोरे चिकटवले आणि एका मित्राला स्कूटरवरून सोबत पळवलं. जिथे दोरे फडफडत, तिथे हवा घुटमळते. जिथे सरळ पडून राहत, तिथे काम झालं. लिटरभर पेट्रोलची बाटली थेट इंजिनाला जोडून अंतर मोजलं, तर सपाट रस्त्यावर पंधराच्या जवळ पोचलो होतो.

प्रवासाचं निमित्त मात्र माझ्या थोरल्या बहिणीचं होतं. इंदूताई सिंदेवाहीला शिक्षिका होती, नुकतीच निवृत्त झालेली. तिची पहिली नोकरी सिरोंचाची. तिथे राजक्का नावाच्या तेलुगू मैत्रिणीच्या घरी ती चार वर्षं राहिली होती. त्याला तीस वर्षं झाली. राजक्काचं पत्र आलं होतं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, त्यात एकच वाक्य: एकदा येऊन जा. ताईच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे बसचे धक्के तिला चालत नव्हते.

"तुझी गाडी नेशील का?" तिने विचारलं, आणि शेपटीकडे बघून पुढे म्हणाली, "हे काढून."

"हे लावूनच जाईन," मी म्हणालो.

बल्लारपूर मागे पडलं आणि मी ताईला काच वर करायला सांगितली. उघड्या काचेतून हवा आत शिरते आणि गाडीला मागे ओढते, हे तिला समजावलं.

"मधू, तू पेट्रोल वाचवून राह्यला का मले मारून राह्यला?"

काच दोन बोटं खाली करण्यावर तडजोड झाली. गोंडपिपरीला चहासाठी थांबलो. टपरीवाल्याने गाडीला एक पूर्ण फेरी मारली आणि विचारलं, "भाऊ, ही पाण्यातबी चालते का?" मी नाही म्हणालो तेव्हा त्याची जरा निराशाच झाली. चहाबरोबर त्याने पोपटाच्या (वालाच्या) उकडलेल्या शेंगा दिल्या. त्या सोलत सोलत आम्ही वैनगंगा ओलांडली.

नदीपलीकडे जंगल हळूहळू जवळ येत गेलं. आधी भाताच्या कापलेल्या बांध्या, मग पळस, मग साग. आलापल्लीच्या अलीकडे रस्ता सरळसोट आणि दोन्ही बाजूंना सागाची खोडं इतकी उभी, की ओळंबा लावून रोवल्यासारखी. ताटाएवढी वाळकी पानं रस्त्यावर घसरत होती. मी पन्नासच्या वेगाने, एकसारखा, अगदी समाधानात चाललो होतो. त्याच समाधानात समोरचा रपटा (ओढ्यावरचा उतरता, बुटका पूल) मला उशिरा दिसला. पुढची चाकं खाली उतरून पलीकडे चढली आणि मागून करकर असा मोठा आवाज झाला. लांब शेपूट जमिनीला टेकली होती. उतरून पाहिलं तर पत्रा मधोमध फाटून खाली लोंबत होता.

शेपूट सोडवली, मागच्या सीटवर आडवी टाकली आणि आलापल्ली गाठली. तिथे पंपावर पाटी होती: पेट्रोल नाही. टँकर कधी येईल, हे तिथल्या माणसाला माहीत नव्हतं. पुढे सिरोंचात मिळेल का, विचारलं तर म्हणाला, "कधी रायते, कधी नाई रायत. भरवशावर जाऊ नका, भाऊ."

पेट्रोलचा काटा कधीच बंद पडला होता. मी टाकीत खुणा केलेली काडी बुडवली. बावीस लिटर उरलं होतं. सिरोंचाला जाऊन परत बल्लारपूरच्या पंपापर्यंत यायचं, तर तीनशे किलोमीटरला थोडं कमी. शेपटीसह पेट्रोल पुरेल. शेपटीशिवाय सगळं काठावर, आणि जंगलात काठावर राहणं काही चांगलं नव्हे. जास्तीचा डबा घेतला नव्हता, कारण पेट्रोलच्या वासाने ताईला मळमळतं.

"मग परत जायचं?" मी विचारलं.

ताई पंपापलीकडे बघत होती. तिथे एका झोपडीसमोर एक बाई बांबूच्या कामट्या सोलत बसली होती. शेजारी सुपं, टोपल्या आणि धान्याची एक उंच कणगी.

"चाल, तिले विचारू," ताई म्हणाली.

बाईचं नाव सखूबाई. पन्नाशीची, बुरडकामात जन्म गेलेली. मी फाटलेली शेपूट तिच्यासमोर ठेवली आणि हवा, भोवरे, मासा असं बरंच काही सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग पत्र्यावर टिचकी मारली.

"ही तं आडवी कणगी होये. पत्रा काऊन लावला? किती जड."

"बांबूची जमन का?" मी विचारलं.

"जमन. पन ही इतकी लांब नाई करत मी. आन खालून उचलून घेईन, नाईतं पुन्हा घासन." हाताने तिने खालून वर चढत जाणारी रेघ हवेत काढली. "वरतून उतरते, तशी खालून चढाले पायजे. माशाचं पोट पाह्यलं नाई का तुमी?"

मी वर्षभर मासा मासा करत होतो, पण फक्त त्याची पाठ बघत होतो. हे तिला सांगितलं नाही. ताईला मात्र ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण ती तोंड फिरवून हसली.

रात्र आलापल्लीतच काढली, आणि पूर्ण दुसरा दिवस त्यात गेला. सखूबाई हिरव्या बांबूच्या पातळ कामट्या विणत होती, मी सांगाड्याला वाकवलेल्या सळ्या बांधत होतो, आणि ताई चुलीवर चिंचोक्याची खळ शिजवत होती. वीण भरली की तिच्यावर जुनं धोतर खळीने चिकटवायचं, म्हणजे वाळल्यावर ते ढोलासारखं ताठ होतं. दुपारी सखूबाईने आम्हालाही जेवायला बसवलं. भात, लाखोळीची (लाख या कडधान्याची) डाळ आणि भेदऱ्याची (टोमॅटोची) चटणी. जेवताना तिने ताईला विचारलं, सिरोंचाला कोण आहे. ताई म्हणाली, "मैत्रीण. तीस वर्षं झाले, भेटली नाई."

"तीस वर्षं काऊन नाई गेल्या?"

ताई भात कालवत राहिली. "जाईन जाईन म्हणत राह्यली," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवी शेपूट जोडली. एका हाताने उचलता येईल इतकी हलकी. दोरे लावून थोडं अंतर चालवून पाहिलं. ताईने रस्त्याच्या कडेला उभं राहून सांगितलं, वरचे सरळ आहेत, आणि खालचेही. पत्र्याच्या शेपटीचे खालचे दोरे कधीच सरळ पडले नव्हते. सखूबाईचा निरोप घेताना मी तिला गाडीत बसून एक फेरी मारायला सांगितलं. ती बसली, परत उतरली आणि म्हणाली, "सुपं करणं सोपं हाय."

जिमलगट्ट्यापुढे रस्ता खराब झाला, पण रपट्यांवर शेपूट एकदाही टेकली नाही. दुपारी जंगल संपलं आणि प्राणहितेचं रुंद, वाळूचं पात्र समोर आलं. सिरोंचात मराठी विचारलं की उत्तर तेलुगूत येत होतं. ताई तीस वर्षांपूर्वीची तेलुगू जुळवत, चुकत, रस्ता विचारत होती. घर सापडलं. दारात एक उंच, पांढऱ्या केसांची बाई उभी होती.

ताईने हाक मारली. राजक्का वळली, पण तिचे डोळे आमच्यावर न थांबता थोडे बाजूला स्थिरावले. मग तिने दोन्ही हात पुढे केले आणि ताईचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत चाचपला.

"रा अक्का, कूर्चो (ये ताई, बस)," ती म्हणाली. ताई तिचा हात धरून तिथेच बसली.

राजक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. भात, पप्पुचारू (आंबट वरण), गोंगुराचं (अंबाडीचं) लोणचं आणि तळलेला मासा असं जेवण तिने न दिसताच रांधलं. मी पोटभर जेवलो. दोघी दुपारभर बोलत होत्या, अर्धं मराठीत, अर्धं तेलुगूत. संध्याकाळी ताई बाहेर माझ्याजवळ आली.

"तिले चंद्रपूरले नेते मी. ऑपरेशन करू. पेट्रोल पुरन का?"

इथल्याही पंपावर पेट्रोल नव्हतं. एक माणूस जास्त, त्यात तांदळाचं गाठोडं आणि लोणच्याची बरणी. मी पुन्हा काडी बुडवली. जेवढं अंतर कापलं होतं त्याच्या मानाने पेट्रोल मी धरल्यापेक्षा जास्त उरलं होतं.

"पुरन," मी म्हणालो. "पण काचा बंद."

परतीच्या रस्त्यावर मी पंचेचाळीसच्या वर गेलो नाही. काचा बंद होत्या आणि मागे दोघींचं बोलणं अखंड चालू होतं. एकीच्या शाळेतल्या मुली, दुसरीचा गेलेला नवरा, कोण कुठे राहिलं, कोण वारलं. मी इतकी गाडी चालवली आहे, पण आतली हवा इतकी भरलेली कधी अनुभवली नव्हती. बल्लारपूरच्या पंपावर पोचलो तेव्हा काडीच्या टोकाला तीन बोटं ओल होती. सरासरी पंधराच्या थोडी वर निघाली. संस्थेतल्या सहकाऱ्यांना मी तोच आकडा सांगितला, कारण त्यांना तोच हवा होता. आलापल्लीत टँकर वेळेवर आला असता, तर आम्ही टाकी भरून सरळ पुढे गेलो असतो आणि गाडीचं पोट कसं असावं हे मला आजही कळलं नसतं, असं मला वाटतं.

ऑपरेशन चांगलं झालं. दीड महिन्याने राजक्काला परत सोडायचं ठरलं. नवा चष्मा लावून ती अंगणात आली आणि गाडीपाशी थांबली. बांबूची शेपूट, पत्र्याची चाकझाकणं, बंपरखाली लोंबणारं रबर, सगळं तिने नीट, हळूहळू पाहिलं. मी हवेबद्दल सांगायला तोंड उघडलं.

"यात बसून आले मी?" तिने विचारलं.

"हो, अक्का."

"दिसत नव्हतं तेच बरं झालं. दिसत असतं, तर बसले नसते," ती म्हणाली, आणि साडीचा पदर सावरून पुढच्या सीटवर जाऊन बसली.